नानांची नवी बंदूक

राजधर नानांनी हातात बंदूक असताना कधी कुणाला 'या' म्हटलं नाही. एरंडोलहून बदली होऊन मी धुळ्याच्या शाखेत आले, त्या पहिल्या सकाळी बँकेच्या दारात खाकी कपड्यांतला एक उंच, वाळका माणूस उभा होता. मी हसून नमस्कार केला. त्याने बंदुकीची नळी भिंतीकडे वळवली, मान जराशी हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. भलताच शिष्ट दिसतोय, मी मनात म्हटलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंदूक कपाटात कुलूपबंद झाली आणि हाच माणूस माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "राग मानू नका, ताई. हत्यार हातमा ठेईसन 'या' म्हननं, हाई बरं नही."

नाना शिरपूरच्या पलीकडचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. फौजेतली नोकरी संपल्यावर एका एजन्सीमार्फत आमच्याकडे पहारेकरी म्हणून लागले होते. एजन्सीचा नियम असा, की बंदूक आणि परवाना ज्याचा त्याने आणायचा. बंदूक नाही तर नोकरी नाही. नानांची एक जुनी एकनळी होती आणि तिला ते रोज सकाळी तेलाच्या फडक्याने पुसत, म्हैस धुवावी तसे, सावकाश आणि बोलत बोलत.

माणूस सरळ होता, पण त्या सरळपणाचा आम्हाला तापच जास्त. एकदा वरच्या कचेरीतून तपासणीला साहेब आले. त्यांनी सहज विचारलं, मॅनेजर किती वाजता येतात? नाना म्हणाले, अकराला. हजेरीवर दहा लिहिलेले होते. साहेब गेल्यावर मॅनेजरांनी नानांना केबिनमध्ये बोलावून चांगलं फैलावर घेतलं. नाना शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "दिसनं ते दिसनं, साहेब. आते दिसनं नही आसं कसं म्हनू?" महिनाभर मॅनेजर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण येऊ मात्र लागले दहाला. पुढे शाखेत कुणी काही लपवायला गेलं, की आम्ही सगळे एकदम म्हणायचो, दिसनं ते दिसनं. नाना गालात हसायचे.

मग एजन्सीने फर्मान काढलं, की जुन्या एकनळ्या चालणार नाहीत, दोननळी घ्या. नानांनी जळगावच्या एका दुकानातून नवी बारा बोअरची दोननळी आणली आणि जुनी तिथेच जमा केली. शाखेत पेढे वाटले. शिपायापासून मॅनेजरांपर्यंत सगळ्यांनी पेढा खाल्ला आणि लांबून बंदूक पाहिली. हात कुणाला लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. टेबलावर पांढरं फडकं अंथरून बंदूक सुटी करून ठेवली होती. "तुमना बाप सुतार व्हता ना?" त्यांनी विचारलं. होता. फर्निचरला पॉलिश मारण्यात त्याचा हात धरणारा एरंडोलात कुणी नव्हता आणि लहानपणापासून मी त्याच्या शेजारी बसून लाखेचा वास घेतलेला. नानांनी लाकडी दस्त्याकडे बोट दाखवलं. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकतो तो भाग. मी उन्हात धरून पाहिलं, नख फिरवलं आणि शहाणपणा दाखवायची हौस म्हणून पटकन बोलून गेले, "नाना, इथे भेग होती. लाख भरून वरून पॉलिश मारलंय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तेव्हा मला कळलं, आपण काय बोललो. डाव्या नळीत आतून धुराचा करडा थर त्यांनी आधीच पाहिला होता. कारखान्यात चाचणीसाठी बार काढतात, तो धूर असेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती. आता ते हळूच म्हणाले, "तपासनारा दस्ताले लाख नही भरत, ताई. ही नवी नही. कोनी तरी चालाडेल शे." मी म्हटलं, असेल कुणी शिकार केली, दुकानात परत दिली. ते नुसते त्या भेगेवरून अंगठा फिरवत राहिले.

शनिवारी मी माहेरी निघाले होते, तेव्हा ते बंदूक खोळीत घालून माझ्याबरोबर बसमध्ये बसले आणि मी एरंडोलला न उतरता त्यांच्यासोबत पुढे जळगावपर्यंत गेले. दुकानात ताई बोलली तर बरं पडेल, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार गोड माणूस. चहा मागवला, बिल काढून दाखवलं, बिलावर 'नवीन' लिहिलेलं होतं. नाना दस्त्याकडे बोट दाखवून उभे राहिले. दुकानदाराने एकदा दस्त्याकडे, एकदा नानांकडे पाहिलं आणि लगेच म्हणाला, "भाऊ, मनात किंतु ठेवू नका. ही ठेवून जा, आत्ताच्या आत्ता दुसरी देतो. कागदही मीच बदलून आणतो."

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, घ्या नाना, मिटलं. तर नाना म्हणाले, "मंग हिनं काय करशात?" दुकानदार हसला, ते आमच्याकडे लागलं, म्हणाला. नानांनी बंदूक उचलली, खोळीत घातली आणि चहाला हातही न लावता बाहेर पडले. मी मागोमाग. रस्त्यात मी त्यांच्यावर चांगली उखडले. वेड लागलंय का तुम्हाला, समोरून चांगली बंदूक मिळत होती, नोकरी शाबूत राहत होती, आणखी काय पाहिजे होतं?

बसस्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यामागच्या बाकावर ते बोलले. त्यांचे वडील जंगलखात्यात राखणदार होते. नाना चौदा वर्षांचे असताना सातपुड्यात लाकडं तोडणाऱ्या टोळीतल्या कुणीतरी वडिलांना छर्‍यांनी मारलं. कुणी मारलं ते गावाला ठाऊक होतं, पण बंदूक सापडली नाही आणि खटला उभाच राहिला नाही. "मन्ही मायनी जलमभर वाट देखी," नाना म्हणाले, "बंदूक सापडी म्हनीसन. ती बंदूक कोना तरी घरमा नवी व्हईसन टांगेल व्हई." मग मांडीवरच्या खोळीवर हात ठेवून म्हणाले, "हिनी बी कोनी वाट देखी राहिना व्हई. परत दिधी ते बठ्ठं पुसाई जाई." परत दिली की सगळा माग पुसला जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं. मला रडू आलं आणि रागही आला. आजही दोन्ही येतं.

पोलिसांना द्यायचा अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून. अर्जात मी 'संशय' लिहिलं होतं, त्यांनी ते खोडायला लावून 'खात्री' लिहून घेतलं. संपर्कासाठी माझा फोन दिला, कारण त्यांचा सारखा बंद पडायचा. ठाण्यातल्या हवालदाराने वाचून कपाळाला हात लावला आणि भल्यासाठीच सांगितलं, की बाबा, बंदूक तुझ्या नावावर आहे, काही निघालं तर पहिला जाब तुलाच. नाना म्हणाले, द्या जाब. बंदूक जमा झाली, तपासणीला गेली. एजन्सीने आठ दिवस वाट पाहिली. त्या आठ दिवसांत नाना दारात रिकाम्या हातांनी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'या' म्हणत होते. नवव्या दिवशी दुसरा पहारेकरी आला. मॅनेजरांनी दोन फोन केले, मीही केला, पण नियमापुढे कुणाचं काही चाललं नाही.

नानांच्या पाठीचा कणा म्हणजे त्यांची बायको, सिंधूअक्का. तिला संधिवात होता, तरी ती काठी टेकत बँकेत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हाऊ मानूस मरेलस्ना करता जित्तास्ले मारी राहिना. तुम्हीच सांगा तेले, ताई. अर्ज मांगे लई ले म्हना." मी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, लाखेची भेग तर तुम्हीच दाखवली. टोमणा नव्हता, ते आपलं खरं तेवढंच बोलले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढे ते शिरपूर रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये राखणदार झाले. तिथे बंदूक लागत नव्हती, काठी पुरायची. पण कापसाच्या त्या उडत्या तंतूंत राहून त्यांची छाती भरली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते खोकत खोकत ठाण्यावर जायचे आणि तपासणीच्या अहवालाबद्दल विचारायचे, "कागद उना का?" तिथून बँकेत येऊन मला सांगायचे, नही उना. दोन हंगाम असे गेले. कधी त्यांना चौकशीला बोलावून चार चार तास बसवून ठेवत, तेच ते प्रश्न विचारत. इतका कोरडा पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा मी विचारलं, नाना, पश्चात्ताप होतो का? ते म्हणाले, रोज व्हस. आणि पाण्याचा ग्लास मागितला.

ते सरकारी दवाखान्यात भरती झाले त्याच आठवड्यात मला ठाण्यातून फोन आला. नानांचं सहीचं पत्र घेऊन मी गेले आणि अहवालाची नक्कल घेतली. बाहेर कडुनिंबाखाली उभी राहून वाचली. चारच ओळी होत्या. बंदूक विक्रीपूर्वी वापरलेली आहे. केव्हा, किती वेळा, कशावर, ते सांगता येत नाही. अशा बंदुकीच्या छर्‍यांवरून ती कोणत्याही घटनेशी जोडता येत नाही. प्रकरण बंद करण्यास हरकत नाही. मी पुन्हा वाचल्या, आणखी काही लिहिलेलं नव्हतं. याच्यासाठी माणसाने नोकरी घालवली, छाती घालवली, अक्काच्या तोंडचा घास घालवला. तो कागद फाडून टाकावा असं वाटलं.

दवाखान्यात नाना उशीला टेकून बसले होते, कारण आडवं झालं की दम लागायचा. अक्का औषध आणायला गेली होती. मी खुर्ची ओढली आणि चालता चालता ठरवलेलं वाक्य बोलून टाकलं, "अहवाल आला, नाना. तुमचं खरं निघालं, बंदूक वापरलेली होती. पण तिने माणूस मेलेला नाही. दुकानदाराच्या भावाने रानडुकरं मारली होती तिने."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आसं लिखेल शे?"

"हो."

"कागद दखाडा."

पर्स माझ्या मांडीवर होती आणि कागद पर्समध्ये होता. मी म्हटलं, बँकेत राहिला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. शिष्टपणे नव्हे, रागाने नव्हे, वडीलधारी माणसं पोरांकडे पाहतात तसं. "सकाय लई या," म्हणाले. उद्या नक्की आणते, असं कबूल करून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. बँकेत गर्दी होती हे खरं, पण चारनंतर नव्हती. तिसऱ्या दिवशीही गेले नाही. खोटा कागद करता येणार नव्हता आणि खरा दाखवायची छाती नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला, तेव्हा मी वेणी घालत होते.

नानांचं दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेले. अक्का रडली नाही. तिने पाणी दिलं आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं, की शेवटचे दोन दिवस ते झोपेचं औषध घ्यायला तयार होत नव्हते. डॉक्टर रागावले, नर्सबाईंनी विनवलं, पण ऐकलं नाही. "ताई कागद लई यी," म्हणायचे, "मी जपेल सापडनू ते ती परत निंघी जाई." झोपलेले दिसलो तर ताई आल्या पावली परत जाईल, म्हणून तसेच बसून राहिले, जागे, दोन दिवस.