जॅक लावलेला पाट

समुद्रपूरच्या बसस्टँडवर त्या सकाळी सगळे माझ्याकडे बघत होते. मी देखणी होते म्हणून नव्हे. बाबांनी माझ्या लोखंडी पेटीला बेअरिंगची चार चाकं बसवली होती, आणि ती पेटी फरशीवरून निघाली की रोड रोलर आला असं वाटायचं. बाबा पेटी ओढत पुढे, मी दहा पावलं मागे. या गृहस्थांशी माझी फारशी ओळख नाही असा चेहरा करून. "पाह्य बाई, कशी पयते!" ते अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले. एसटी वर्धेला निघाली, तिथून पुढे रेल्वेनं पुणे. इतर मुलींचे बाप खिडकीशी उभे राहून अभ्यासाचं सांगत होते. माझे म्हणाले, "चाकाले तेल देत जाजो."

हॉस्टेलवर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती चाकं काढून टाकली.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे सांगायला नको. आपण आधी आवाज काढून टाकतो. मी पहिल्या वर्षी 'मले'चं 'मला' केलं, दुसऱ्या वर्षी 'काऊन' सोडून 'का' धरलं. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी इतकं शुद्ध बोलते की सदाशिव पेठेतले काका दचकतात. फक्त पायाला ठेच लागली की तोंडातून "माय वं" निघतं. पायाला अजून पुणं कळलेलं नाही.

बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. गावात त्यांना मिस्तरी म्हणत. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ते जे काही करत, त्याची सुरुवात नेहमी कुणाच्या तरी दुखण्यापासून व्हायची. आई उन्हाळ्यात कूलरमध्ये बादल्या ओतून थकायची, म्हणून त्यांनी टाकीत डबा तरंगता ठेवून त्याला सायकलची घंटी जोडली. पाणी संपलं की भर दुपारी घंटी वाजायची आणि गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "मिस्तरीचा कूलर तहानला वं!" मला चष्मा लागला तेव्हा त्यांनी त्याला सुतळीची अशी काही दोरी केली की मी वर्गात दुधवाल्याच्या म्हशीसारखी दिसायचे. चष्मा मात्र एकदाही पडला नाही.

पुढे लग्न, नोकरी, फ्लॅट. रविवारी व्हिडिओ कॉल. बाबा फोन शेडमध्ये नेऊन काहीतरी दाखवायचे. पडद्यावर कधी त्यांचा अंगठा दिसायचा, कधी टिनाचं छत. मी म्हणायचे, "छान आहे बाबा, आईला द्या."

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आई शेडच्या दारात नळीत पाय अडकून पडली. हाड वाचलं, पण मी धावत गेले. घर आवरण्याचे व्हिडिओ बघून तेव्हा माझ्या मानगुटीवर एक भूत बसलं होतं : ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती बाहेर. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. पुण्याहून आलेली, शिकलेली, कर्तबगार लेक कमरेवर हात ठेवून अंगणात उभी. पंप गेले, पत्रे गेले, डब्यांत निवडून ठेवलेले नटबोल्ट गेले. शेवटी एक लाकडी पाट उरला. त्याच्याखाली जुन्या जीपचा जॅक आणि सायकलची चेन. अर्धवटच होता.

"हा राहू देते का?" त्यांनी विचारलं. मालक ते, आणि परवानगी माझी.

"बाबा, ह्याचा काय उपयोग आहे?"

"नाई, तसा काई नाई." त्यांनी तो स्वतः उचलून हातगाडीवर ठेवला. वजनदार होता, चढवताना त्यांचा श्वास लागला, तेही मला आठवतं. आठवत नाही ते एवढंच, की मी "हे काय आहे?" असं विचारलं होतं का. म्हणजे, आठवतं. नव्हतं विचारलं.

त्यानंतर फोनवर बाबा म्हणायचे, "घर कसं मोकळं दिसते आता." फोन शेडमध्ये नेणं त्यांनी बंद केलं. मला वाटलं, वय झालं.

या हिवाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. मीही बोलले, शुद्ध मराठीत, कष्टाळू आणि प्रेमळ अशी विशेषणं लावून. माझ्यानंतर शेजारच्या सुमनकाकू उठल्या. त्या कापूस वेचायला जातात. म्हणाल्या, "मले भाषण येत नाई. कापसाची ओटी कमरेले बांधून माही कंबर गेलती. मिस्तरीनं पंपाचा पट्टा खांद्यावर घेऊन ओटी शिवून देली. आज आठ जणी थेच घालतो." आणि बसल्या. दोन मिनिटांत त्यांनी माझ्या बापाची ओळख करून दिली.

मंडळी गेल्यावर मी आईला त्या पाटाबद्दल विचारलं. ती चुलीसमोरच बसली होती. गॅस आला तरी भाकरी ती खालीच बसून करते.

"माह्यासाठी होता न बाई. उठताना माहे गुडघे धरतात. हँडल फिरवलं का पाट वर याचा. मी एका बाजूले पडत होती, म्हणून धराले दांडा लावून राह्यले होते."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू इतक्या दुरून आलती. राबत होती. तुले काऊन दुखवाचं?" मग भाकरी उलटत म्हणाली, "दुसऱ्या दिवशी गेलते ते भंगारवाल्याकडे. माल रातच्या ट्रकात गेलता. मले म्हणे, तिले सांगजो नको."

मी ऑनलाइन खुर्ची मागवली, आरामशीर, पाठीला आधार असलेली. आई तिच्यावर धुतलेल्या साड्या ठेवते. पुण्याला चल म्हटलं, तर म्हणते, "तिथं मले ओळखते कोण?" गावातल्या वेल्डरला पाटाचं वर्णन करून सांगायला बसले, तर आईला दांडा कुठं बसवत होते ते आठवेना आणि मला काहीच.

जे गावात राहिलेत ते विचारतात, आता घर म्हणजे तुला पुणं की समुद्रपूर? रोज संध्याकाळी मी फोन करते. बोलणं झालं की आई म्हणते, "थांब, उठते." फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज येतो. मग तिचा हात भिंतीवर. मग "माय वं", मग काहीच नाही. मी इकडे चौथ्या मजल्यावर श्वास रोखून उभी असते. "उठली वं," ती म्हणते, आणि फोन ठेवते.

तेवढा वेळ मी घरी असते.