बसूअण्णांनी सांगितलेला शेवट

बसूअण्णा गेल्याचं त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. सकाळची पहिली बॅच बसलेली होती. "आत्या, अप्पा परवा गेले. धावपळीत तुम्हाला कळवायचं राहिलं," तो म्हणाला. परवा... म्हणजे मातीही देऊन झाली होती. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एवढी वर्षं ज्यांच्याशी वाद घातला, त्यांच्या जाण्याची बातमी ऐकून माझ्या तोंडून एवढा एकच शब्द निघाला. मग वर्गात जाऊन एका मुलीच्या अर्जातला समास तपासला, तिला दोनदा विनाकारण रागावले, आणि मागच्या खोलीत येऊन बसले. मला त्यांची माफी मागायची होती. ती तीन वर्षं राहून गेली होती. पुढच्या महिन्यात जाऊ, पाऊस उघडल्यावर जाऊ, परीक्षा संपल्यावर जाऊ असं करत करत मी त्यांच्या गावाला जायचं टाळत आले होते.

राजारामपुरीत आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट. खाली वर्ग, मागं आम्ही मायलेकी, आणि वरच्या खोलीत भाड्यानं बसूअण्णा. गाव निपाणीच्या अलीकडं, नोकरी पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत कारकुनाची. रोज एसटीनं वर जायचं, एसटीनं खाली यायचं, शनिवारी गावाकडं बायकोमुलांत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, त्यामुळं आई त्यांची ‘अव्वा’ आणि मी, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असूनही, ‘अक्का’ झाले. माणूस मोठा कडक. कागदाला कागद असल्याशिवाय यांचं पेन उघडायचं नाही. एकदा कुणा पुढाऱ्याचा माणूस एक तारीख मागची घाला म्हणून अडून बसला, तर अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पावणं, चा घ्या आणि गप घरला जावा. झालं न्हाय ते मी लिवत न्हाय." हे वाक्य आम्ही त्यांना चिडवायला वापरायचो. भाजीत मीठ कमी असलं की आई म्हणायची, "बसू, पंचनामा कर की रं."

आमच्या घरात एका माणसाची जागा रिकामी होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा थोरला भाऊ विलास बावीस वर्षांचा असताना वडिलांशी भांडून घराबाहेर पडला. भांडण कशावरून, तर परीक्षेवरून. "येईल झक मारत," असं वडील म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणताच एक दिवस गेले. विलासचं पहिल्या वर्षी एक पत्र आलं, नंतर काही नाही. आई त्याच्याबद्दल बोलत नसे. फक्त दुपारी दाराला आतून कडी घालू देत नसे. मी मात्र ठरवून टाकलं होतं की तो आता येत नाही. वाट बघणं मला चिडीला आणायचं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कृपा करून मनातच ठेवावं. दर गुरुवारी, साडेआठला. एका लहान गावातल्या सावकाराचा खून होतो आणि त्याच दिवशी शाळेतल्या बाईंचा तरुण मुलगा नाहीसा होतो. पोलीस म्हणतात खुनी तोच. आई म्हणते, तो येईल आणि स्वतः सांगेल. पहिल्याच भागाला आमची आई टीव्हीच्या इतकी जवळ सरकली की मागं बसलेल्यांना तिची मानच दिसत होती. समोरचे गणिताचे क्लास घेणारे माने सर यायचे, अण्णा वरून उतरायचे आणि मी. चौघांचं कोर्ट गुरुवारी भरायचं आणि पुढच्या बुधवारपर्यंत उठायचं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी त्या बाईंच्या पडवीतला रिकामा झोपाळा हलताना दाखवत. यावर आमच्या किती संध्याकाळी गेल्या! माने सर म्हणत, झोपाळा म्हणजे काळ, एकदा इकडं, एकदा तिकडं. मी म्हणायची, संशय. अण्णा म्हणत, "झोपाळा हालतोय म्हंजे वारं हाय. वाऱ्याची साक्ष कुठल्या कोर्टात धरत्यात?" आणि आई तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणायची, "कोणतरी आत्ताच उठून गेलंय." माझ्या विद्यार्थिनींनाही लागण झाली. त्या वर्षी वेगाच्या सरावाला मी सावकाराच्या खुनाचेच उतारे देत असे, त्यामुळं ‘संशयित’ हा अवघड शब्द सगळ्याजणी डोळे झाकून टाइप करत.

शेवटच्या भागाच्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. आख्खी गल्ली अंधारात. माने सर लग्नाला गावी, अण्णा निवडणुकीच्या कामासाठी पन्हाळ्यावर अडकलेले. मी आईला म्हटलं, शाहूपुरीत मावशीकडं जाऊ. "दुसऱ्याच्या घरात बसून रडू व्हय?" म्हणाली, आणि साडेआठपासून नऊपर्यंत मेणबत्ती लावून बंद टीव्हीसमोर बसून राहिली. ते मला बघवेना. मी उठून दारात उभी राहिले.

शुक्रवारी अण्णा पहिल्या गाडीनं उतरले. त्यांनी पन्हाळ्यावर शिपायाच्या घरी भाग पाहिला होता. वर न जाता ते थेट आमच्याकडं आले. आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "बसू, आलं काय रं ते पोरगं?" अण्णा भिंतीला टेकून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आईच्या तोंडाकडं पाहिलं... आणि म्हणाले, "आलं की अव्वा." मग त्यांनी सांगितलं. खून सावकाराच्या पुतण्यानं केलेला असतो. पावसाचे दिवस. दारावर थाप पडते. बाई कुणाला उठू देत नाहीत, स्वतःच कडी काढतात. दारातला माणूस दाखवतच नाहीत. फक्त झोपाळा दिसतो, थांबलेला, आणि त्याला टेकवून ठेवलेली निथळती छत्री. संपलं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला उठली. विलास गेल्यापासूनच्या सोळा वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला गुणगुणताना ऐकलं.

ती छत्री आम्हाला आठ वर्षं पुरली. कुणाची छत्री? माणूस दाखवला नाही म्हणजे तो खरंच आला की बाईंचा भास? माने सर भासाच्या बाजूचे, मीही थोडी त्यांच्याच. आईनं एका वाक्यात आमचा निकाल लावला, "मेलेला माणूस भिजायला भितोय व्हय?" अण्णांना ती सारखी उलटतपासणीला घ्यायची. छत्री काळी होती का, मूठ लाकडी होती का, बाई रडल्या का. अण्णा डोळे मिटून आठवल्यासारखं करत आणि सावकाश उत्तर देत. कधी चुकले नाहीत. मधल्या काळात गल्लीतली घरं पाडून एकेक फ्लॅट उभे राहिले, आम्हालाही दोनदा चांगली विचारणा झाली, मला गुडघ्यांमुळं लिफ्टचं घर हवं होतं. आई हलेना. "आल्यावर त्यानं पत्ता कुणाला इचारायचा?" ती असं उघडपणे म्हणायला लागली ती त्या शेवटानंतरच.

मग एका दुपारी, दोन बॅचच्या मधल्या वेळात, केबलवर तीच मालिका पुन्हा लागलेली दिसली. शेवटचाच भाग होता. आई आत झोपली होती. मी आवाज बारीक केला आणि उभ्यानंच बघितला. मुलगा पहिल्या भागापासूनच मेलेला असतो. विहिरीतून त्याला काढतात. बाई येऊन बघतात आणि न बोलता घरी जाऊन झोपाळा काढून ठेवतात. थाप नाही, पाऊस नाही, छत्री नाही.

त्या संध्याकाळी मी जिन्यातच अण्णांना गाठलं. एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. तुमच्या थापेपायी माझ्या आईनं आठ वर्षं दाराकडं डोळे लावून काढली, आमच्या दुःखाची नाटकं करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं बरंच बोलले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "खरंच सांगायला आलतो, अक्का. गाडीत सगळं जुळवून आलतो. अव्वाचं तोंड बघितलं आणि..." मी विचारलं, मग गावभर सगळ्यांनी पाहिलेलं आमच्यापर्यंत कसं आलं नाही? तर त्या सकाळी यांनी परत कोपऱ्यावर जाऊन, वर्गाला येणाऱ्या एकेका मुलीला थांबवून सांगितलं होतं, आत काय बोलायचं न्हाय. माने सर परतल्यावर त्यांनाही. दूधवाल्याला, पेपरवाल्याला. आठ वर्षं आख्खी गल्ली ती छत्री सांभाळत होती. माने सर माझ्या बाजूनं भांडायचे ते सगळं माहीत असून! "मग निदान मला तरी सांगायचं," मी म्हणाले. अण्णा खालच्या पायरीकडं बघत म्हणाले, "तुमी बी वाट बघत हुता की, अक्का."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. खरं होतं म्हणून आला, हे मी आता लिहू शकते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आईला काही सांगितलं नाही, तेवढी अक्कल होती. ते रोज तिच्याजवळ बसून जात, मी वर्गात निघून जाई. वर्षभरानं निवृत्त होऊन खोली सोडताना त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, "येतो अक्का" म्हणाले. मी टाइप करत राहिले. त्याच पावसाळ्यात आई गेली, तेव्हा आले, दिवसभर भिंतीशी बसले आणि शेवटच्या गाडीनं परत गेले. तेव्हाही मी दोन शब्द बोलू शकले असते...

फोन आल्यानंतर आठ दिवसांनी मी त्यांच्या गावी गेले. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट उभी करून ठेवलेली, टीव्हीवर विणलेलं कापड, कोनाड्यात विभूती. अण्णांच्या बायकोला, गौरवहिनींना, मी दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी मला जवळ ओढून बसवलं, थोडं रडल्या, मग एकदम विचारलं, "भाऊ कसं हाईत?"

"कोण भाऊ, वहिनी?"

"इलासभाऊ की! त्येंच्यासाठी किती वर्सं सोमवार धरलं हुतं म्या. साखर वाढली, डाक्टर वरडला, तरी सोडलं न्हाय. मग ह्ये एका शनवारी आलं आन् म्हणालं, सोड आता उपास. इलास आला. अव्वानं सोता कडी काढली." त्यांनी माझा हात दाबला. "अव्वा जायाच्या आदी म्हयनाभर. डोळं भरून बघून गेली बगा. लई बरं झालं."

आई जायच्या आधी महिनाभर... म्हणजे जिन्यातल्या त्या भांडणानंतर वर्षभरानं. मी एवढं बोलले, त्यावरही ते घरी येऊन पुन्हा तेच बोलले होते. ज्यांचं पेन कागदाशिवाय उघडायचं नाही, ते. मी त्या खाटेकडं बघत राहिले. तीन वर्षं मनात घोळवलेल्या माफीतला एक शब्द आठवेना. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांचं ते बघणं मला सोसवेना.

"हो वहिनी," मी म्हणाले. "बघितलं तिनं."

"आता कुठं असत्यात?"

"बेळगावला. कारखान्यात आहे."

"केस पिकलं असतील."

"सगळे. चष्मा लागलाय." विलास माझ्या मनात तोवर बावीस वर्षांचाच होता. त्याला पन्नाशीला मी त्या खोलीत आणलं, बसल्या बसल्या. "एक मुलगी आहे. दहावीला. नाक अगदी आईचं."

वहिनी हसल्या. पदरानं डोळे पुसले. "एकदा हिकडं येऊन जावा म्हणावं त्यास्नी. आमी अजून बघितलंच न्हाय."

"सांगते," मी म्हणाले.