शेवटच्या स्वाराचा डावा पाय

"डीप व्हेन थ्रॉम्बोसिस," सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवत डॉक्टरबाई म्हणाल्या. "डाव्या मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालीय. आजच ॲडमिट व्हायचं."

"पण पुढच्या मंगळवारी मला नेपाळला निघायचंय," मी म्हणालो. "मोटरसायकलवरून."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. "हे नेहमी असंच बोलतात का?"

"आज त्यातल्या त्यात बरं बोलतायत," सुनंदा म्हणाली.

मी बावन्न वर्षांचा आहे. धारवाडच्या कोर्टात वकिली करतो, केलगेरीत राहतो. मोटरसायकल लांबवर नेणाऱ्यांपैकी कुणाला हा आजार झालाच, तर त्याला तो वेळेत कळावा म्हणून हे लिहितोय. यात मी शहाणपणाचे जे दिवे लावले, तेही लपवणार नाही.

आमचा पाच जणांचा गट आहे. हुबळीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेले बसूअण्णा सर्वांत पुढे असतात. औषधांचं दुकान चालवणाऱ्या वनिताअक्का आणि दोघे इंजिनिअर भाऊ मधे, आणि सर्वांत शेवटी मी. पोखऱ्याजवळ बायकर लोकांचा उत्सव भरतो, त्याला देशोदेशीचे स्वार येतात. तिथे स्वतःच्या गाडीवरून जायचं, हे आमचं चार वर्षांपासूनचं स्वप्न होतं.

ताफ्यात शेवटी चालणाऱ्याला स्वीप म्हणतात. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घसरलं, तर त्यानं थांबायचं. स्वतःसाठी मात्र त्यानं थांबायचं नाही, कारण तो मागे राहिला तर ते पाहायला त्याच्या मागे कुणीच नसतं. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. पाणीच प्यायचं नाही. सकाळी कपभर चहा, मग थेट मुक्कामी तांब्याभर पाणी. मला लघवीला थांबावं लागत नाही, हे मी लोकांना छाती फुगवून सांगत असे.

सरावासाठी आम्ही हुबळी ते मंगळूर असं दोन दिवसांत जाऊन आलो. नवीन नी-गार्ड होते, गुडघ्यामागचे पट्टे मी करकचून आवळले होते. परतताना गिअर टाकताना डावी पोटरी दुखू लागली. घरी आल्यावर ठरवलं, स्नायू आखडलाय. रायापूरहून एक मालिशवाला यायचा, त्याला बोलावलं. बिचाऱ्यानं तीन दिवस मी सांगितलं तसा, जीव लावून पाय रगडला. पाय सुजत गेला.

चौथ्या दिवशी कोर्टाचा जिना चढताना दम लागला. वय झालं म्हणून मी स्वतःलाच टोमणा मारला. त्या संध्याकाळी मोजे काढताना सुनंदाचं लक्ष गेलं. डाव्या पायावर मोज्याच्या रबराचा खोल वळ होता, उजव्यावर काहीच नव्हतं. "अहो, हा पाय तुमचा वाटत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला देशपांडे नगरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. कोर्टात तारीख आहे, ही सबब तिनं ऐकूनही घेतली नाही.

रक्ताची डी-डायमर तपासणी झाली. शरीरात कुठे गुठळी असण्याची शंका आहे का, ते तिच्यावरून कळतं. मग डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय हे दाखवणारी सोनोग्राफी. दम लागतो म्हटल्यावर छातीचा सीटी स्कॅनही झाला. त्यात पल्मनरी एम्बोलिझम निघालं. पायातल्या गुठळीचा लहानसा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला होता. मोठा असता तर हा मजकूर लिहायला मी नसतो. तासन्तास एकाच जागी बसणं, पाण्याविना दाट झालेलं रक्त आणि करकचून आवळलेले पट्टे, या सगळ्यांनी मिळून गुठळी केली असणार, असं बाई म्हणाल्या.

सुनंदा बाहेर ॲडमिशनचा फॉर्म भरत होती, तेव्हा बाईंनी विचारलं, "पायाला मालिश वगैरे केलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो, कुणास ठाऊक. साक्षीदारानं पूर्ण खरं सांगावं म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला. माझ्यावर वेळ आली तेव्हा पहिल्याच प्रश्नाला खोटं बोललो. लाज वाटली होती, दुसरं काय!

पोटाच्या कातडीखाली हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली. हे औषध गुठळी वाढू देत नाही, ती विरघळवण्याचं काम शरीर सावकाश करतं. पाय उशीवर ठेवून मी छताकडे पाहत पडलो होतो. बाईंनी सांगितलं होतं, निदान तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि तोवर मोटरसायकल बंद. त्या गोळ्या चालू असताना पडलो तर आतला रक्तस्राव आवरणं कठीण. तरी माझ्या डोक्यात नेपाळच होतं. काठमांडूपर्यंत विमानानं जाता येईल का, तिथे गाडी भाड्यानं मिळेल का? बसूअण्णांना मी फोनवर एवढंच सांगितलं, "स्नायू आखडलाय. दोन दिवस आराम सांगितलाय. माझी जागा ठेवा."

तिसऱ्या दिवशी दुपारी बसूअण्णा डब्यातून चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन भेटायला आले. खुर्चीवर बसताना त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि पोटरी दाबली.

"काय झालं?"

"मला बी दुखालंय बघा वकीलसाहेब, मंगळूरहून आल्यापासून. तुमचंच बघून मी बी पाणी सोडलो होतो की! आज संध्याकाळी तुमच्या त्या रायापूरवाल्याला बोलावलोय. तुमचं स्नायूचं, तर माझं बी स्नायूचंच असणार."

मी चमचा डब्यात ठेवला. पाणी न पिण्याची बढाई माझी, मालिशवाला माझा आणि खोटं निदानही माझंच.

"अण्णा, त्याला आत्ता फोन करा. येऊ नको म्हणावं."

मग सगळं सांगितलं. गुठळी, फुफ्फुस, तीन महिने, सगळं. बसूअण्णा एरवी दोन वाक्यांच्या मधे श्वास घेत नाहीत. "एवढं झालंय आणि तुम्ही स्नायू म्हणालाय?" एवढंच म्हणाले. मी घंटी वाजवून बाईंना बोलावलं आणि मालिशचंही कबूल केलं.

"साक्ष फिरवताय वकीलसाहेब?"

"हो. आधीची खोटी होती."

"मालिशमुळेच तुकडा सुटला असं मी शपथेवर नाही सांगणार. पण असा सुजलेला पाय चोळायचा नसतो," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "तुम्ही चला माझ्याबरोबर."

डॉपलरच्या खोलीबाहेर सुनंदा त्यांच्यासोबत बसली. मला पलंगावरून उठायची मुभा नव्हती. माझ्या स्वतःच्या रिपोर्टची वाट पाहताना मी घाबरलो नव्हतो, पण तो अर्धा तास खूप घाबरलो. या माणसाला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यांचं दुखणं खरोखरच स्नायूचं निघालं. सुनंदानं दारातूनच हात उंचावून खूण केली. मी पांघरूण तोंडावर घेऊन रडलो.

मंगळवारी ते चौघे माझ्याशिवाय निघाले. वाकडी वाट करून केलगेरीला आले, मी दारात उभा होतो. स्वीप आता वनिताअक्का होत्या. त्यांनी तिथेच नियम जाहीर केला, "दीड तास झाला की थांबायचं. उतरायचं, चालायचं, पाणी प्यायचं. नाही म्हणणाऱ्यानं घरी ऱ्हायचं." एकानंही वाद घातला नाही. वाईट वाटलं का? वाटलं. वळणावर गाड्या दिसेनाशा झाल्यावर मी बराच वेळ आत गेलो नाही.

पुढचे तीन महिने मी पायावर घट्ट स्टॉकिंग चढवून केलगेरीच्या तळ्याकाठी चालत होतो. पोटरीत जरा चमक आली की छातीत धस्स व्हायचं. तुम्हालाही होईल. ते सुनंदाला सांगायला शिकलो, तेव्हा भीती कमी झाली. तीन महिन्यांनी डॉपलर केलं, शीर मोकळी होती. गोळ्या थांबल्या.

लक्षात ठेवा, एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला, तर चोळू नका, डॉक्टर गाठा. सोबत दम लागत असेल तर तासभरही थांबू नका. आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा.

पुढच्या वर्षी बाईंची परवानगी घेऊन निघालो. पाणी पीत, थांबत, चालत. सुनौलीच्या सीमेवर भन्सारच्या, म्हणजे नेपाळी जकातीच्या कचेरीत गाडीचा परवाना घेतला आणि पाचही जण पोखऱ्याला पोचलो. त्या उत्सवात एक गमतीची शर्यत असते. गाडी सर्वांत हळू चालवायची, जो शेवटी पोचेल तो जिंकतो, पण पाय जमिनीला लागला की बाद. बसूअण्णांनी परस्पर माझं नाव दिलं होतं.

निम्म्या वाटेवर माझा तोल गेला. गाडी डावीकडे कलली आणि मी डावा पाय टेकला. पंचानं शिट्टी वाजवली. गाडीचा सगळा भार त्या पायावर होता. पोटरी दुखली नाही, गुडघा वाकला नाही. पंच मला बाजूला व्हायला सांगत होता आणि मी तिथेच उभा राहून सुनंदाला फोन लावला, "अगं, बाद झालो! पाय टेकला!"