बिनचोचीचा खंड्या

पुंडलिक गावंडाला रिटायर व्हायला सव्वीस दिवस उरले होते, आणि त्या सव्वीस दिवसांच्या आत आपली नोकरी, पेन्शन आणि गावातली अब्रू, तिन्ही एका झटक्यात जाणार, याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. कारण मुंबईहून टपाल खात्याचा इन्स्पेक्टर आला होता, आणि आल्या आल्या त्याने विचारलं होतं ते खंड्याच्या तिकिटांबद्दल.

पुंडलिक खारी गावचा. बाप मिठागरात फावडं ओढून ओढून वाकलेला. चुलत्यांच्या नावावर भातशेतीचे तुकडे होते, ते बिल्डरांना गेले, चुलत्यांच्या गळ्यात साखळ्या आल्या आणि दारात जीपगाड्या. पुंडलिकच्या बापाच्या नावावर तुकडा नव्हता, म्हणून पोरगा मॅट्रिक झाला आणि पोस्टात चिकटला. आधी पोस्टमन, मग खात्याची परीक्षा देऊन तिकिटांच्या काउंटरवर. चौतीस वर्षं झाली. चुलतभाऊ लग्नकार्यात चिडवायचे, "आमचा पुंड्या अजून सरकारची तिकिटं चाटतोय!" पुंडलिक हसायचा. जीप त्याला कधी हवीशी वाटली नव्हती. त्याला एकच गोष्ट सोसायची नाही. रांगेतलं माणूस रिकाम्या हाताने परत गेलं की पानावरून कोणी उपाशी उठल्यासारखं त्याला वाटायचं.

आणि त्या खोडीनेच घात केला.

दोन हजार सातचा ऑगस्ट. राखीपौर्णिमेचा आठवडा. पोस्टातली रांग बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत गेलेली. सगळ्या बाया, सगळ्यांच्या हातात पाकिटं, सगळ्यांना पाच रुपयांचंच तिकीट हवं. बारा वाजता जुना साठा संपला. पुंडलिकने तिजोरीतून नवे ताव काढले. एका तावावर चाळीस तिकिटं, प्रत्येक तिकिटावर फांदीवर बसलेला खंड्या. पहिली बाई तिकीट घेऊन गेली आणि तशीच मागे फिरली.

"ओ भाईसाब, ये नकली है क्या? इसकी चोंच कहाँ है?"

पुंडलिकने चष्मा पुसून पाहिलं. खरंच की! खंड्याला चोच नव्हती. पायही नव्हते. छापताना लाल रंगच राहून गेलेला. पाखरू फांदीवर नुसतं अधांतरी चिकटवल्यासारखं. नकली स्टँपच्या बातम्या ऐकून ऐकून लोक आधीच बिथरलेले. मागच्या बायांनी माना पुढे काढल्या. मोजून पाहिलं तर असे चार ताव होते, आणि त्या चारांशिवाय पाचच्या तिकिटाचा दुसरा तुकडा पोस्टात नव्हता.

नियम त्याला पाठ होता. सदोष तिकिटं बाजूला ठेवायची, सील करायची, रिपोर्ट लिहायचा, वर पाठवायची. म्हणजे खिडकी बंद. म्हणजे एवढ्या बायांच्या राख्या त्यांच्या पर्समध्ये.

पार्सलवर 'काच आहे, सांभाळा' लिहायला एक लाल स्केचपेन ठेवलेला असे. पुंडलिकने तो उचलला. लहानपणापासून मिठागराच्या बांधावर त्याने हजार वेळा खंड्या पाहिला होता. ती लांब, लालभडक, सुरीसारखी चोच त्याला डोळे मिटून काढता आली असती. सर्र, सर्र, सर्र. पाय रंगवायला वेळ नव्हता. चोच आली की पाखरू जिवंत दिसत होतं. जेवणाची सुट्टी धरून दोन दिवसांत त्याने तीन ताव रंगवले आणि विकले. एकही बाई परत फिरली नाही.

चौथा ताव मात्र नीरजने मागितला होता. नीरज शेजारच्या मनीऑर्डरच्या खिडकीवरचा. वय बत्तीस. इंद्रलोक वसाहतीत वन-रूम-किचन घेतलेला, पोरगा अथर्व नुकता इंग्लिश शाळेत घातलेला.

"काका, हा एक मला द्या. आमच्या सोसायटीची गणपतीची पत्रं पाठवायची आहेत." पूर्ण पैसे त्याने समोर ठेवले.

"थांब रे, रंगवून देतो."

"राहू द्या काका, इतकं कोण बघतंय! तसंच चालेल."

पुंडलिकने तसाच दिला आणि विसरून गेला.

आता दीड महिन्याने इन्स्पेक्टर सुभाष कारखानीस समोर बसले होते. काटकुळा माणूस, खिशात भिंग, आवाज कधी चढत नाही. फोर्टात तिकिटं जमवणाऱ्या शौकिनांचा बाजार भरतो, तिथे बिनचोचीच्या खंड्याचा ताव आला होता. तावाच्या कडेला जो आकडा छापलेला असतो, त्यावरून तो याच पोस्टाला आलेला होता हे उघड झालं होतं. असली चुकीची तिकिटं खात्यातल्याच कोणीतरी बाहेर विकली, असा खात्याचा संशय. हे कारखानिसांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं:

"गावंड, चार ताव आले होते. काय केलंत त्यांचं?"

"विकले साहेब."

"कोणाला?"

"लोकांना. रांगेतल्या."

"जसे आले होते तसेच?"

सरकारी तिकिटावर स्केचपेन चालवलेला! चौतीस वर्षांत कोणी केलं नसेल असं कृत्य. "तसेच," तो म्हणाला.

"म्हणजे एकशे साठ बिनचोचीचे पक्षी या खिडकीतून गेले, आणि एकाही माणसाने विचारलं नाही?"

"न्हाय... नाही साहेब." घाबरला की पुंडलिकची गावची बोली वर यायची. ते कारखानिसांनी टिपलं.

चहाच्या टपरीवर नीरजने त्याला गाठलं. "काका, रंगवल्याचं बोलू नका हं. तिकिटात फेरफार म्हणजे सरळ फौजदारी. पेन्शन गेली समजा. 'तशीच विकली' एवढंच धरून बसा. त्यांच्याकडे पुरावा काय आहे?"

"तुला एवढी माजी कालजी?"

"तुमची नाही तर कोणाची करणार, काका?" नीरजने कपात बघत म्हटलं. त्याने चहा अर्धा टाकला.

चार दिवस हेच चाललं. कारखानीस तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूने विचारायचे, पुंडलिक तेच उत्तर द्यायचा आणि दर खेपेला जास्त चोर दिसायचा.

घरी मंजुळाच्या लक्षात आलं. ताटातलं सुक्या जवळ्याचं कालवण तसंच राहिलं तेव्हा तिने हात कंबरेवर ठेवले.

"अवो, काय झालंय? दुसरी बायबिय केलीव का कुनी?"

"गप गं. या वयात?"

"मंग?"

त्याने सगळं सांगितलं. चोच, स्केचपेन, इन्स्पेक्टर.

"पैसं खाल्लं का तुमी?"

"एक पैसा न्हाय."

"मंग रंगवलीव तं रंगवलीव म्हना! चोरासारखं तोंड लपवून फिरताव, उद्या गाव बोलल, पुंडलिक पैसं खाऊन घरी बसला. रंगवल्याची लाज बरी का खाल्ल्याची?"

"पेन्शन जाईल मंजुले."

"जाऊं दे. मी भाजी विकीन." तिने कालवण पुन्हा त्याच्यासमोर सरकवलं. "पन जेवा आधी."

तरी दुसऱ्या दिवशीही त्याची जीभ उचलली नाही. कारखानिसांनी सगळं कागदावर लिहून काढलं होतं. सहीसाठी जबाब तयार होता. 'सदर तिकिटे कोणताही बदल न करता विकली.' पुंडलिकच्या हातात पेन होता. तेवढ्यात खिडकीवर ठकठक झाली.

"गावंडभाऊ! हे बघा काय झालं!"

जेसल पार्कच्या विमलाबाई. दर महिन्याला पेन्शनवाल्या नवऱ्याबरोबर येणाऱ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी एक मळकं पाकीट आत सरकवलं. "राखी परत आली माझी! दीड महिना गाव हिंडून! भावाने फ्लॅट बदलला ते काल फोनवर कळतंय, बहिणीला आधी सांगायला नको? वहिनीचे उद्योग, दुसरं काय. आणि ही तुमची तिकिटं! चोच बघा, भिजून पसरलीय. पाखराने लिपस्टिक लावून पुसल्यासारखी."

पाकिटावर खंड्या होता. त्याची चोच खरंच पसरली होती, एका बाजूने गुलाबी, पण टोक अजून धारदार. पुंडलिकला आपला हात ओळखू आला.

कारखानीस मागच्या टेबलाशी पाठमोरे कागद चाळत होते; बाहेरच्या गलक्यात त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं असतं, विमलाबाईंना दुसरं दिलं असतं, तर संपलं होतं. शेजारून नीरज एकटक बघत होता, आणि त्याने मान हलवली. अगदी थोडीशी. नको.

पुंडलिकने पेन खाली ठेवला. पाकीट उचललं आणि कारखानिसांच्या समोर ठेवलं.

"साहेब, ह्ये मी केलंय. लाल पेनानं. बाया परत जात होत्या, नकली म्हनत होत्या. रिपोर्ट लिवला असता तं राख्या राहिल्या असत्या. तीन ताव रंगवलं मी. काय सजा असल ती द्या."

कारखानिसांनी भिंग काढलं. बराच वेळ ते त्या चोचीवर धरून ठेवलं. मग भिंग खाली ठेवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पुंडलिकला वाटलं, साहेबाला उचकी लागली. साहेब हसत होते.

"गावंड, या एकेका तिकिटाला शौकीन लोक पंधरा पंधरा हजार मोजतात. चोच नाही म्हणून! आणि तुम्ही एकशे वीस तिकिटांना चोच काढलीत?"

पुंडलिकच्या डोक्यात हे काही नीट शिरलं नाही. "पन साहेब, त्यावर पाच रुपये छापलंय ना?"

"छापलंय हो, छापलंय." कारखानिसांनी डोळे पुसले आणि जबाबाचा कागद फाडला. चोरून विकणाऱ्याने माल असा नासवला नसता, एवढं त्यांना कळलं होतं. मग आवाज पुन्हा कोरडा झाला. "तीन ताव म्हणालात. चौथा?"

पंधरा हजार. आता मात्र पुंडलिकच्या डोक्यात शिरलं. 'तसंच चालेल, काका.' अर्धा टाकलेला चहा. त्याने शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. नीरज त्याच त्या फॉर्मवर तिसऱ्यांदा शिक्का मारत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"माजं मी सांगितलं, साहेब," पुंडलिक म्हणाला. "चौथ्याचं ज्याचं त्यानं सांगावं."

खिडकीबाहेरून विमलाबाई म्हणाल्या, "अहो, पण माझी राखी?"

नीरजची खुर्ची मागे सरकली. तो उठून आला आणि कारखानिसांच्या टेबलासमोर उभा राहिला. "सर, अथर्वच्या शाळेचं..." असं सुरू करून तो रडायलाच लागला. कारखानिसांनी त्याला बसायला सांगितलं, स्वतः पाणी दिलं, आणि मग कोरा कागद पुढे ओढला. पुंडलिकने पाकिटातली राखी हलकेच काढून नव्या पाकिटात घातली, विमलाबाईंकडून नवा पत्ता लिहून घेतला. पाकीट पुरावा म्हणून राहिलं.

नीरज सस्पेंड झाला. पुढे चौकशी लांबली. पुंडलिक एकदा अथर्वसाठी पेढे घेऊन इंद्रलोकात जाऊन आला. दार नीरजच्या बायकोने, रसिकाने उघडलं, पेढे घेतले, आत या म्हणाली नाही. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही, पण नंतर त्या बाजूच्या रिक्षात बसायचं टाळलं.

रिटायरमेंटच्या दिवशी शालीबरोबर एक सरकारी लिफाफाही त्याच्या हाती आला. पेन्शन शाबूत होती. लिफाफ्यात ताकीद होती. ती घरी लेकीने, चांदणीने, अंगणात उभं राहून खणखणीत वाचली: "श्री. पुंडलिक गावंड यांनी टपाल तिकिटांवरील पक्ष्यास लाल शाईने विनापरवानगी चोच काढल्याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे. यापुढे असे कृत्य करू नये."

चुलतभावांची आळी हसून लोळली. मंजुळा मात्र हसली नाही. पंधरा हजाराचा आकडा तिला चांदणीने नुकताच समजावून सांगितला होता, आणि ती मनातल्या मनात त्याला एकशे वीसने गुणत बसली होती. गुणाकार कुठेतरी हाताबाहेर गेला तशी ती नवऱ्याकडे वळली.

"एवडं पैसं. आनी तुमी चोची काढत बसलाव."

पुंडलिकने शालीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"आगं पन," तो म्हणाला, "खंड्याला चोच नसली तं तो मासं कसा खाईल?"