पर्व हुकलेलं समुद्रस्नान

गोवा मोकळा झाल्यावर दुसऱ्या वर्षी, हिवाळा सरता सरता, आम्ही दोघं नवरा-बायको अमरावतीहून निघालो. हे भिक्षुकी करतात. माझी हौस एकच, समुद्रात अंघोळ करायची. लग्नाआधीपासूनची. पण पौर्णिमा-अमावास्येसारख्या पर्वाशिवाय समुद्राला शिवायचं नसतं, म्हणून ह्यांनी पौर्णिमा धरून बेत आखला.

निघायचा दिवस आला गुरुवारी, आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल! मग बुधवारीच प्रस्थान ठेवलं. तांदूळ, सुपारी आणि ह्यांचं उपरणं गठुड्यात (गाठोड्यात) बांधून शेजारच्या गणपतभाऊ फुलमाळ्यांच्या घरी नेऊन ठेवलं. गठुडं बाहेर पडलं की प्रवास सुरू झाला असं धरतात. माणूस मागाहून निघाला तरी चालतं.

पौर्णिमेला पहाटे मिरजेला उतरलो. गोव्याच्या गाडीला अवकाश होता. दोघांनी नळावर अंघोळी उरकल्या आणि हे फलाटाच्या टोकाला संध्येला बसले. गाडी लागली, मी हाका मारल्या, सामान उचललं, पुन्हा हाका मारल्या. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा गाडी सुटली होती. दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी. सगळी पौर्णिमा फलाटावर दशम्या खाण्यात गेली. मी ह्यांच्याशी बोलले नाही.

पुढे दूधसागर लागला. गाडी धबधब्याच्या इतकी जवळून जाते की खिडकीतून तोंडावर तुषार आले. तेव्हा मात्र "पाहा, पाहा" म्हणताना माझा अबोला सुटला.

मंगेशीच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत) उतरलो. दीपमाळ पाहण्यासारखी आहे. जेवायला खतखतं (भाज्यांची एकत्र शिजवलेली आमटी) आणि सोलकढी होती. चव छान, पण तिखट आमच्या मानाने अगदीच बेताचं. मी पिशवीतला ठेचा काढला. वाढणाऱ्या बाईंनी तो बोटाने चाखला आणि धावत पाणी प्यायल्या.

"तुमी खंयच्यान आयल्यात?" (कुठून आलात?) त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"अमरावतीहून."

"थंय दर्या ना?" (तिथे समुद्र नाही?)

"नाही ना बाई. त्याच्यासाठीच तर आलो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पणजीला जाऊन मिरामारच्या वाळूवर उभे राहिलो. समोर पाणीच पाणी, आणि हे पाय मागे घेऊन उभे!

"नमस्कार कर. शिवू नको. आज पर्व नाही."

अमावास्येपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. ह्यांना बार्शीटाकळीला मुंज लावायची होती. पुन्हा कोण आणणार होतं मला? माझा संताप झाला.

"अहो, गठुडं गणपतभाऊच्या घरी ठेवलं, तं प्रवास सुरू झाला ना?"

"झाला."

"मंग पौर्णिमेले मिरजेच्या नळावर आंघोळ केली, ते काय होतं? समुद्रस्नानाचं प्रस्थानच ठेवलं आपण! आता काहून अडवून राहिले मले?"

 ह्यांनी धोतराचा काचा मारला, ओंजळभर पाणी आधी मस्तकाला लावलं, आणि माझा हात धरून आत शिरले. लाटेने दोघांनाही पाडलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि मला हसू आवरेना. इतकी मी माहेरीही कधी हसले नव्हते.

घरी परतल्यावर गणपतभाऊ फुलं घेऊन आले. "महाराज, पर्व साधलं का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. प्रवासात पाहिलेलं पुष्कळसं विसरेन, पण ह्यांनी परडीतली फुलं निवडत, मान वर न करता दिलेलं उत्तर विसरणार नाही.

"साधलं. प्रस्थान मिरजेले ठेवलं होतं."