पहिल्याच वाक्यात उत्तर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, साधा प्रश्न विचारला तरी उत्तर यायला वेळ लागायचा. पपईला पाणी किती द्यायचं, असं कुणी विचारलं की आप्पा आधी त्याचं गाव विचारत. मग तिथला पाऊस, मग विहीर आहे की बोअर, मग वावरात खोदलं तर मुरूम लागतो की काळी माती, आणि मधेच आपल्या एका हट्टी बैलाची गोष्ट. पाण्याचं उत्तर त्यानंतर. लग्न होऊन आले तेव्हा या बोलण्याने माझं डोकं उठायचं. भाजी करपायची, पण आप्पांचा बैल काही गोठ्यात परत यायचा नाही.

पुढे त्याच बोलण्यावर आमचं घर चालू लागलं. शहादा-तळोदा रस्त्याला आमची पपईच्या रोपांची नर्सरी आहे. रोपं नवरा बघतो, फोन आणि हिशोब माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी मी गंमत म्हणून आप्पांचा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. शेडनेटच्या दारात स्टूल टाकून आप्पा अहिराणीत बोलतायत, मागे कोंबड्या फिरतायत, असा. लोकांना तो आवडला. मग दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि फोन सुरू झाले. जळगावकडून, गुजरातेतून, थेट मराठवाड्यातून. लोक अर्धा अर्धा तास आप्पांशी बोलत आणि फोन ठेवताना, जाता जाता विचारल्यासारखं विचारत, "रोपं मिळतील का तुमच्याकडे?" आप्पांनी स्वतःहून एकदाही रोपाचा विषय काढला नाही. तरी होळीपर्यंत शेडनेट रिकामं होत असे.

पिशवीतलं रोप आपल्यासाठी थांबत नाही. वेळेत गेलं नाही तर मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरतात, रोप जून होतं, आणि मग ते फुकटसुद्धा कुणी नेत नाही. त्यामुळे हिवाळा आला की आम्हाला एकच काळजी असे, फोन वाजतोय ना.

मागच्या हिवाळ्यात तो वाजेनासा झाला. आधी वाटलं, रेंजचा घोळ असेल. मग वाटलं, लोकांनी पपई सोडून केळी धरली असेल. व्हिडिओ बघणारेही कमी झाले होते. आप्पा स्टुलावर बसून फोनकडे बघत, मधेच उचलून तो चालू आहे ना ते तपासत. मला ते बघवत नसे.

माझा धाकटा भाऊ पुण्यात जाहिरातीचं काम करतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, लोक आता प्रश्न टाकतात आणि एआय वरच तयार उत्तर देतं. चार ओळी वाचतात आणि फोन खिशात टाकतात. खाली व्हिडिओपर्यंत कोण येतंय?"

"मग आम्ही काय करायचं?"

"त्या उत्तरात आपण यायचं. व्हिडिओ आता माणसाच्या आधी मशीनला कळला पाहिजे." आणि त्याने भराभर सांगितलं. व्हिडिओचं नाव म्हणजे प्रश्न. पहिल्याच वाक्यात उत्तर. एका व्हिडिओत एकच गोष्ट. भाषा पुस्तकी, कारण अहिराणीचं ते मशीन काहीतरी भलतंच लिहून ठेवतं. खाली सगळं बोलणं आपण हाताने टाईप करायचं. आणि नर्सरीचं नाव, गाव उत्तराला जोडूनच घालायचं, नशीब असेल तर तेही उचललं जाईल.

मी हे आप्पांना सांगितलं. "मानूस घर उना का पहिले त्याले बठ म्हनतस, का दारमाच भाव सांगतस?" ते म्हणाले. आमच्याकडे खरोखर असंच आहे. आलेल्या माणसाने बसायच्या आत कामाचं बोललं तर तो भांडायला आलाय असं समजतात. पण नवऱ्याने आप्पांना हात धरून शेडनेटमध्ये नेलं आणि वीतभर झालेली रोपं दाखवली.

दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून तयार. माणूस हौशी, कॅमेऱ्याचा पहिल्यापासून लोभ. पुस्तकी मराठीत बोलायचं म्हणून त्यांनी आवाज असा काही लावला की जुन्या रेडिओवरच्या बातम्याच सुरू झाल्या. "नमस्कार शेतकरी बंधूंनो, पपई हे एक महत्त्वाचे पीक शे." मी म्हणायची, "आप्पा, आहे." ते म्हणायचे, "तेच सांगी ऱ्हायनू ना." दोघं हसलो, दोघं चिडलो. नमस्कारही काढायला लावला, कारण तो उत्तराच्या आधी येत होता.

पाण्याच्या व्हिडिओपाशी ते अडले. "पपईला उन्हाळ्यात रोज ठिबकने पाणी द्यावे," एवढं वाक्य होतं, आणि लगेच पुढे नर्सरीचं नाव, गाव.

"कोन्हा वावरमा?" आप्पा म्हणाले.

"आपल्या."

"आपलं मुरमाड शे. काळी जमीनमा रोज पानी दिनं तर झाड सडी जाई."

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, जमिनीचा वेगळा व्हिडिओ करा, दोन गोष्टी एकत्र केल्या की मशीन दोन्ही सोडून देतं. आम्ही जमिनीचाही वेगळा केला. आप्पांनी तो फार मन लावून केला, हातात मातीची ढेकळं घेऊन.

आणि खरंच, एका सकाळी नवऱ्याने फोनवर पाण्याचा प्रश्न टाकला आणि वर आमचं वाक्य आलं. जसंच्या तसं. नवऱ्याने शहाद्याहून पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मी नीट वाचलं, तर नर्सरीचं नाव नव्हतं, आप्पांचं नव्हतं, गाव नव्हतं. कडेला बारीक चिन्हात आमची लिंक होती, इतर चार-पाच जणांच्या शेजारी. जमिनीच्या व्हिडिओतलं तर अक्षरही नव्हतं. आप्पा विचारत होते, "माले दखाडतस का त्यामा?" मी म्हटलं, शब्द तुमचेच आहेत.

फोन वाढले नाहीत. जे आले ते "भाव काय?" म्हणून आले आणि भाव ऐकून ठेवले गेले. आप्पा गाव विचारेपर्यंत समोर कुणी नसे. जिंकून हरणं म्हणजे काय ते त्या महिन्यात मला कळलं. आमचं उत्तर घरोघर पोचत होतं आणि म्हणूनच आमच्या दारात कुणी येत नव्हतं. होळी झाली, डोंगरातल्या काठी गावच्या होळीला गेलेली मजूर माणसं परत कामावर आली, तरी अर्धं शेडनेट भरलेलं होतं. जून झालेली रोपं शेवटी बांधावर टाकली. पिशव्या फाडून आप्पा मुळं बघत होते. मी घरात जाऊन रडले, आणि रडताना राग कुणावर काढावा हेसुद्धा कळत नव्हतं. भावावर? त्याने सांगितलेलं एकही खोटं निघालं नव्हतं.

मग उन्हाळ्यात मराठवाड्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. रोपं त्या माणसाने आमच्याकडून घेतलेली नव्हती. आमचं ते एक वाक्य वाचून काळ्या, चिकट रानात रोज पाणी सोडलं होतं, आणि झाडं बुंध्यात सडून आडवी झाली होती. नुकसान झाल्यावर मात्र त्याने ती कडेची लिंक दाबली, आमचा व्हिडिओ उघडला आणि नंबर शोधला.

"तुमचंच वाक्य आहे की नाही हे, मालक?" तो ओरडत होता. फोन स्पीकरवर होता. "रोज द्यावे म्हणून तुम्हीच सांगितलं की नाही?"

आप्पा म्हणाले, "हो. मन्हं शे." मग त्यांनी विचारलं, "तुमनी जमीन कशी शे?"

"आता विचारता?" तो माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "इतला वरीसमा कोन्ही मन्हं ऐकीसन झाड गमाडं नव्हतं." मी त्यांची समजूत काढत राहिले, जमिनीचा व्हिडिओ आपण केला होता, त्याने बघितला नाही, यात तुमचं काय चुकलं. ते ऐकून घेत होते, पटत नव्हतं. मलाही धड पटत नव्हतं. तो माणूस पूर्वीसारखा व्हिडिओ बघून फोनवर आला असता तर दुसऱ्या मिनिटाला आप्पांनी त्याची माती ओळखली असती. पाल्हाळ म्हणून आम्ही जे कापलं, ती त्यांची तपासणी होती.

भावाला सांगितलं तर तो घाबरला. म्हणाला, प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तज्ज्ञांना विचारून घ्या असं एक वाक्य टाका, जबाबदारी नको अंगावर. आप्पांनी ते वाक्य सगळ्या व्हिडिओंसाठी पुन्हा पुन्हा म्हटलं. या वेळी 'शे' आलं नाही, रेडिओचा आवाज लावला नाही, एकदाही चुकले नाहीत. मी पूर्वीसारखे अहिराणीतले लांब व्हिडिओ परत सुरू करू म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे."

जुनं गिऱ्हाईक असलेले एक शेतकरी परवा सकाळी आले. तळोद्याकडचे, आप्पांचे बरोबरीचे. रोपं त्यांना नको होती, झाडाची चार पानं रुमालात गुंडाळून आणली होती. स्टुलाशेजारी उकिडवे बसले आणि पानं पुढे धरली. "आप्पा, पानं पिवया पडी ऱ्हायनात. काय करू?"

मी आतून ऐकत होते. आता गाव निघेल, पाऊस निघेल, म्हणून मी गॅस बारीक केला.

आप्पांनी पानं हातात घेतली नाहीत. "पाने पिवळी पडण्याची अनेक कारणे असू शकतात," ते म्हणाले. "कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा."

ते शेतकरी मोठ्याने हसले. "तज्ज्ञ तर तुम्हीच शेतस ना, आप्पा!"

आप्पा हसले नाहीत. ते थट्टा करत नव्हते.