अक्कांचा थर्मास

लेक नऊ वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि तिची प्लीहा काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, "मेंदूज्वराच्या एका जातीनं अशा मुलांना गाठलं, तर काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. त्या तापाची लस टोचायलाच हवी." नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत ही लस सहजासहजी मिळायची नाही. सिटीतल्या मोठ्या औषधांच्या दुकानात सांगून ठेवली, तरी यायला महिना लागला. महिनाभर पोरीला साधी कणकण आली तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसायचे.

आम्ही शहराबाहेर, बोम्मसंद्र्यात भाड्यानं राहायचो. घरात फ्रिज नव्हता. शेजारी अक्का एकट्याच राहायच्या, निपाणीकडच्या, साठी उलटलेल्या. त्यांच्याकडे होता. आमच्या दोघींत एक कायदा होता: भांडं रिकामं परत करायचं नाही. माझ्या डब्यातून चटणी जायची, त्यांच्याकडून लिंबू पिळलेला फोडणीचा भात, चित्रान्न यायचं.

लस आणायला त्यांचाच थर्मास नेला. बर्फात बाटली ठेवून बसनं परत आले. दवाखाना पाचला उघडणार होता. अक्का न्हाणीत होत्या, फ्रिज जवळ असावा म्हणून थर्मास त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, न्हाणीच्या दाराबाहेरून "पाचला नेते हो!" असं ओरडले आणि घरी गेले. पाच वाजता धावतपळत आले, अक्का दिसेनात, थर्मास उचलला आणि लेकीला रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी झाकण उघडलं. आतून वाफ आली. कडक फिल्टर कॉफी!

डॉक्टरांना "थांबा, आलेच," म्हटलं आणि लेकीला घेऊन त्याच रिक्षानं मागे फिरले. अक्का फाटकातच उभ्या होत्या. रिक्षातून उतरायच्या आधीच माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, काय केलंत हे! महिनाभर जीव टांगणीला लावून आणली होती ती लस. कॉफीचं कसलं कौतुक मेलं! माझ्या पोरीला काही झालं तर?"

"स्वल्प ऐक की गं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. आत बर्फ, बर्फात बाटली. "थर्मासातल्या बर्फाचं पाणी झालेलं. बाटली लगेच फ्रिजात ठेवली. तू सकाळपासून उपाशी, म्हणून कॉफी भरली. फुलं तोडायला मागं गेले, तवर तू पळालीस." मग हळूच म्हणाल्या, "माझा थोरला ह्याच तापानं गेला. अकरा वर्षांचा होता. मी बाटली गरम होऊ देईन होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरला आणि रिक्षात ओढून घेतलं.

दवाखान्यात लेकीनं अक्कांचंच बोट पकडलं. सुई टोचली तेव्हा ती हूं की चूं करेना. रडल्या त्या अक्का, पदर तोंडात धरून, अगदी हमसून.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी का?"

"हो," मी म्हणाले.